गॅरिसन स्ट्रीटची नर्स

लोर्ना कोसियाक गॅरिसन स्ट्रीट शाळेत कारकून होती. सव्वीस वर्षं त्याच टेबलामागे बसलेली. मनानं इतकी मऊ की समोरच्याच्या डोळ्यांत पाणी दिसलं की हिचा हात आधी रुमालाकडे जायचा आणि मग नियमाकडे. असल्या माणसांना लोक देवमाणूस म्हणतात. म्हणोत बापडे.

टॅनर्स फोर्ड या अमेरिकन गावात सरकारी प्राथमिक शाळा दोन. रेल्वे यार्डाखाली गॅरिसन स्ट्रीट आणि टेकडीवर हिलटॉप. शाळा मंडळानं जाहीर केलं होतं की पुढच्या वर्षापासून पूर्णवेळ नर्स एकाच शाळेला मिळेल, दुसरीकडे ती आठवड्यातून दोन दिवस जाईल. आजवर जे काही चांगलं असेल ते हिलटॉपला जायचं, कारण तिथले आईबाप मंडळातल्या लोकांबरोबर गोल्फ खेळायचे. म्हणून लोर्ना भर सभेत उभी राहून म्हणाली होती, "वशिल्यानं वाटू नका, आकड्यानं वाटा. गरीब मुलं मोजा आणि जिथे जास्त भरतील तिथे द्या."

टाळ्या पडल्या. मंडळानं लगेच समन्याय समिती नेमली, समितीनं बिस्किटं खात सात बैठका घेतल्या आणि त्रेचाळीस पानांचा अहवाल काढला. पहिल्या पानावर लोर्नाचं वाक्य छापलं, खाली तिचं नाव. तिनं ते पान मोठ्या कौतुकानं फ्रिजवर लावलं. उरलेली बेचाळीस पानं काही वाचली नाहीत. एकोणिसाव्या पानावर लिहिलं होतं की ज्या घराचा जेवणाच्या सवलतीचा अर्ज येऊन मंजूर होईल, त्याच घरातलं मूल गरीब धरलं जाईल.

आणि नेमकं त्याच वर्षी सप्टेंबरात गॅरिसन स्ट्रीटच्या झाडून सगळ्या मुलांना जेवण फुकट झालं. कोऱ्या अर्जांचे गठ्ठे तरीही वाटायला आलेच. निम्म्या आया कोंबड्या कापायच्या कारखान्यात कामाला. घरात माणसं किती, मिळकत किती, पत्ता काय, हे सरकारी कागदावर लिहायचं म्हटलं की त्या मागे सरायच्या; बऱ्याच जणी परदेशातून आलेल्या, देशात राहायचा परवाना नसलेल्या. लोर्ना एकेकीला समजवायची की जेवण तर मिळतंय ना, मग उगाच कशाला जिवाला घोर लावून घेता.

येसेनिया बारिओस मात्र अर्ज भरून घेऊन आली. तिची नऊ वर्षांची मारिसोल साखरेच्या आजाराची. रोज जेवणाआधी नर्स तिच्या बोटातलं रक्त तपासून इन्सुलिनची सुई द्यायची. येसेनियानं दोन संध्याकाळी शब्दकोश उघडून एकेक रकाना भरला होता. टेबलाशी उभी राहून तिनं हळूच विचारलं की हा दिला तर कुणी दारावर तर येणार नाही ना. लोर्नाला भरून आलं. तिनं कागदाच्या चार घड्या केल्या आणि तो परत तिच्या हातात ठेवला.

"राहू दे ग हा कागद. त्यावाचून तुझं काही अडत नाही."

त्या दिवशी लोर्नाला फार बरं वाटलं होतं.

हिलटॉपच्या मुख्याध्यापिका मिसेस ड्रेसलर यांनी त्रेचाळीसच्या त्रेचाळीस पानं वाचली होती. ज्या वर्गाचे सगळे अर्ज येतील त्या वर्गाला पिझ्झा, असं त्यांनी जाहीर केलं. मग काय, पोरांनी आईबापांना सळो की पळो करून सोडलं. हिलटॉपला गरीब घरं मूठभर, पण त्यातलं एकही सुटलं नाही. मोजणी झाली तेव्हा हिलटॉपची गरीब मुलं एकसष्ट निघाली आणि गॅरिसन स्ट्रीटची एकोणीस. जिथे पोरं शुक्रवारी सुट्टीच्या दोन दिवसांसाठी दानातलं डबाबंद सूप दप्तरातून घरी नेतात, तिथे एकोणीस!

मार्चमधल्या मंगळवारी संध्याकाळी मंडळ निर्णय घ्यायला बसलं. लोर्ना येसेनियाला आपल्या गाडीतून घेऊन गेली. मंडळाची रीत अशी की नागरिकानं तीन मिनिटं बोलायचं, समोर हिरवा, पिवळा, लाल दिवा, आणि मंडळानं कशालाही उत्तर द्यायचं नाही. लोर्नानं सगळं कबूल केलं. अर्ज मीच भरू दिले नाहीत, चूक माझी आहे, शिक्षा मला करा, पण त्या पोरीची नर्स काढू नका, असं ती सांगत होती. ती मारिसोलचं नाव घेतेय तोवर लाल दिवा लागला.

अध्यक्ष हार्लन व्हिटमर म्हणाले, "धन्यवाद, मिसेस कोसियाक."

हा व्हिटमर स्वतः गॅरिसन स्ट्रीटला शिकलेला, आणि हे तो प्रत्येक निवडणुकीत सांगायचा. मंडळाच्या चर्चेत, जिथे लोकांना तोंड उघडायची बंदी, तिथे त्यानं अहवालाचं पहिलं पान काढलं आणि लोर्नाचं वाक्य तिच्या नावासकट सावकाश वाचून दाखवलं.

"ही मागणी बाईंचीच होती. आम्ही ती शब्दशः पाळली. आता त्यांच्याच सांगण्यावरून आकडा बाजूला ठेवला, तर तो पुन्हा वशिलाच झाला की."

मागे कुणीतरी फिदीफिदी हसलं. लोर्नानं हात वर केला. व्हिटमरनं गोड हसून लाल दिव्याकडे बोट दाखवलं. मग पूर्णवेळ नर्स हिलटॉपला द्यायला मंडळाचे पाचही हात वर गेले.

परतीच्या वाटेवर येसेनिया खिडकीबाहेर बघत होती. सभेत दुभाष्याकडून तिला जेवढं कळलं तेवढं जुळवत होती.

"तो कागद मोजणार होते?"

"हो."

"मी भरला होता."

लोर्ना हो म्हणाली.

ऑगस्टमध्ये शाळा उघडली. नर्स आता सोमवारी आणि गुरुवारी. बाकीचे तीन दिवस सुई देणार प्रशिक्षित कर्मचारी, म्हणजे कोण, तर लोर्ना! चार तास संत्र्यात सुया टोचून ती प्रशिक्षित झाली होती. तिनं संमतीपत्र पुढे केलं. येसेनियानं ते उभ्याउभ्याच ओळ न् ओळ वाचलं, चार घड्या केल्या आणि टेबलावर ठेवलं.

"राहू द्या हा कागद," ती म्हणाली.

तेव्हापासून तीन दिवस ती स्वतः यायला लागली. यायची, पाहुण्यांच्या वहीत सही करायची, लोर्नानं नाव लिहून दिलेली चिकटपट्टी छातीवर लावायची, पोरीला सुई देऊन निघून जायची. ती चिकटपट्टी घ्यायला हात पुढे करी, पण लोर्नाच्या तोंडाकडे बघत नसे. कारखान्यात दिवसपाळीतून उठून जायची मुभा नव्हती. मुकादमानं दोनदा बजावलं आणि तिसऱ्यांदा तिचं ओळखपत्र काढून घेऊन तिला कामावरून काढलं. लोर्नाला ते दुसऱ्या आयांकडून कळलं.

सप्टेंबरात नवे अर्ज आले. आता लोर्ना गठ्ठा घेऊन सकाळी फाटकाशी उभी राहायची, एकेकीच्या हातापाया पडायची. बायका हसून पुढे जायच्या. तुम्हीच तर म्हणाला होता ना, काही अडत नाही?

एका बुधवारी येसेनिया आली आणि तिनं वहीवर सही करायच्या आधी टेबलावर अर्ज ठेवला. तेच नीटनेटकं अक्षर, एकही रकाना रिकामा नाही. मिळकतीच्या जागी शून्य.

"घ्या, लोर्नाबाई," ती म्हणाली. "आता नक्की मोजतील."

लोर्नानं अर्जावर तारखेचा शिक्का मारला. मग चिकटपट्टीवर येसेनियाचं नाव लिहून ती तिच्या हातात दिली. मारिसोलच्या वर्गाची जेवणाची रांग दाराबाहेर उभी राहिली होती.