अंबूताईंच्या हातातली झारी

मी एक जुनी पत्र्याची झारी आहे, मित्रांनो. माझ्या नाकाला पोचे आहेत आणि बूड थोडे गळते. प्लॅस्टिकच्या रंगीत झाऱ्या आल्या, तेव्हा सगळ्यांनी मला पाहून नाक मुरडले. फक्त अंबूताईंनी मला सोडले नाही.

म्हैसूरच्या सरस्वतीपुरममध्ये आमची बाग आहे. स्मृतिभ्रंश झालेली वडीलधारी माणसे येथे मरवा चुरगळून हुंगतात, पुदिना चाखतात, ओली माती चाचपतात. अंबूताई कन्नड शाळेतल्या निवृत्त शिक्षिका. त्यांना मुलाचे नाव आठवत नाही. पण माझी मूठ हाती आली की बोटे आपोआप वळतात. याचा मला गर्व आहे, लपवू कशाला?

त्यांना सून मृण्मयी घेऊन येते. ती साताऱ्याची, म्हैसुरात येऊन चारच महिने झालेली. आठवडाभर अंबूताई तिची ओढणी ओढत आणि एकच शब्द ओरडत, "मर! मर!" बिचारीने लाजेने कुणाला सांगितले नाही.

परवा दुपारी तिचा धीर सुटला. फाटकाची कडी न लावताच ती पाठ फिरवून बहिणीशी फोनवर रडू लागली, "ताई, सासूबाई मला रोज मर म्हणतात. उद्यापासून मी त्यांना इथे आणणारच नाही!"

तेवढ्यात अंबूताई मला घेऊन रस्त्यावर उतरल्या. डावीकडून स्कूटर गेली, उजवीकडून सिटी बस आली. मला ओरडता येत नव्हते. ब्रेक किंचाळले आणि बस हातभर अंतरावर थांबली. माझ्यातले थोडे पाणी रस्त्यावर सांडले. अंबूताई मात्र चालतच राहिल्या.

मागे बागेत मृण्मयीचा टाहो ऐकू आला. "भुजंगराव, आई कुठे गेल्या? नुसतं मर मर म्हणत होत्या!"

भुजंगराव आमचे म्हातारे माळी, म्हैसूरचे जुने मराठी. ते ओरडले, "अय्यो, शिवी नव्हे आम्मा ती! कन्नडात मर म्हणजे झाड! रस्त्यापलीकडं संपिगेचं रोप वाळतंय की. बेगा चल, लवकर!"

दोघे धावत आले. अंबूताई सोनचाफ्याच्या त्या सुकलेल्या रोपाला पाणी घालत होत्या. मृण्मयी त्यांच्या पायाशी बसून रडली. अंबूताईंनी ओल्या हाताने तिचे डोळे पुसले. ती कोण, हे मात्र त्यांना आठवले नाही.

मित्रांनो, माझ्यासारखी गळकी झारी टाकलीत तरी चालेल. पण म्हाताऱ्या माणसाचा शब्द कळला नाही, तर तो मनाला लावून घेण्याआधी चार जणांना विचारा. त्या दिवशी विचारायला फार उशीर झाला असता.

काल अंबूताई पुन्हा म्हणाल्या, "मर!" मृण्मयीने मला काठोकाठ भरले, त्यांचा हात घट्ट धरला आणि म्हणाली, "चला आई, पाणी घालू."