विठ्ठल आठल्ये यांची फाईल

दीनानाथ आठल्यांनी मंगळवारची यादी पाचव्यांदा लिहायला घेतली, तेव्हा हेमांगीनं ऑफिसला जाता जाता त्यांच्या हातातलं पेन काढून घेतलं. "बाबा, यार, तू अभिलेखागारात चालला आहेस की चंद्रावर?" असं म्हणून ती लिफ्टकडे पळाली. तिची कॅब खाली उभी होती, आणि नोएडातून गुरुग्रामला वेळेवर पोचायचं तर बापाशी वाद घालायला लेकीला सवड नसते.

पेन गेलं म्हणून काही अडलं नाही. त्यांनी पेन्सिल घेतली. नाहीतरी अभिलेखागाराच्या वाचनकक्षात पेन चालत नाही, हे त्यांनी फोन करून विचारून ठेवलं होतं, आणि तेही एकदा नव्हे, तीनदा. आधार कार्डाच्या चार झेरॉक्स, दोन फोटो, पेन्शनच्या कागदाची प्रत, मागणीचा अर्ज, त्या अर्जाची प्रत, भिंग, ताईसाठी पाण्याची बाटली, ताईच्या गुडघ्याखाली ठेवायला उशी. उशी आत नेऊ देतात का, हे विचारायचं तेवढं राहिलं होतं. म्हणजे चौथा फोन करणं आलं.

अडतीस वर्षं केंद्र सरकारात काढून अवर सचिव म्हणून निवृत्त झालेला हा माणूस भाजी आणायची असली तरी आधी टिपण करायचा, त्यामुळे घरात कुणाला संशय आला नाही. खरं तर यायला हवा होता. आठ दिवस त्यांचं जेवणात लक्ष नव्हतं, पेपरचं एकच पान समोर धरून ते तासन्‌तास बसत होते, आणि सोसायटीतल्या सकाळच्या तीन फेऱ्यांच्या सहा झाल्या होत्या. परवा गेटवरच्या गार्डनंही विचारलं, "अंकलजी, कुछ खो गया है क्या?"

हरवलं असतं तर बरं झालं असतं. ती वस्तू कुठे गेली हे दीनानाथांना नेमकं ठाऊक होतं, आणि झोप उडवणारी गोष्ट तीच होती.

हे सगळं काढलं ताईनं. चंद्रप्रभाताई म्हणजे त्यांची थोरली बहीण. वय सत्त्याहत्तर, त्याच सोसायटीत तळमजल्यावर एकटी राहणारी. एका मंत्रालयात स्टेनो म्हणून लागली आणि मोठमोठ्या साहेबांची पत्रं दुरुस्त करत करत निवृत्त झाली. यंदा मराठी मंडळाच्या कोजागिरीला तनया नावाच्या एका मुलीनं आपल्या पणजोबांचं नेमणूकपत्र अभिलेखागारातून कसं शोधून काढलं ते सगळ्यांना सांगितलं, मोबाईलवर फोटोही दाखवला. ताईनं मसाला दुधाचा पेला खाली ठेवला. "दिनू," ती म्हणाली, "दादांची फाईल तिथे असणार."

दादा म्हणजे त्यांचे वडील, विठ्ठल आठल्ये. केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात सहायक होते. सन सहासष्टच्या पावसाळ्यात त्यांच्या टेबलावरचा एक गोपनीय कागद बाहेर फुटला आणि दादांचं निलंबन झालं. चौकशी बसली. दादांचा स्वभाव असा की कुणी सांगायच्या आत त्यांनी डिसेंबरात सरकारी क्वार्टर सोडलं आणि करोलबागेत एका खोलीत बिऱ्हाड नेलं. मार्चमध्ये हृदयविकारानं ते गेले. चौकशीचा निकाल काय लागला, हे सांगणारा कागद काही घरी आला नाही.

ताईचं तेव्हा लग्न ठरलं होतं. मुलाकडच्यांनी निकालाचं दोनदा विचारलं. दोन्ही वेळा आईला उत्तर देता आलं नाही. तिसऱ्यांदा त्यांनी विचारलंच नाही. ताई टायपिंगची परीक्षा देऊन नोकरीला लागली, तिनं तेरा वर्षांच्या दिनूचं शिक्षण केलं, आणि स्वतःच्या लग्नाचा विषय पुन्हा काढू दिला नाही. आई, पार्वतीबाई, पुढे पुष्कळ जगली. पण मंडळाच्या गणपतीला ती कधी गेली नाही. तिथे मंत्रालयातली मराठी माणसं यायची, आणि कुणी 'तुमच्या यजमानांचं पुढे काय झालं' असं विचारलं तर काय सांगायचं, ही तिची धास्ती शेवटपर्यंत गेली नाही.

"मला एवढंच बघायचंय, दादांनी ते केलं होतं की नव्हतं," ताई म्हणाली होती. "केलं असेल तर केलं. त्यांना मी काही टाकून देणार नाही. पण मरायच्या आधी मला कळू दे."

दीनानाथांनी मान डोलावली होती आणि दुसऱ्या दिवसापासून तयारीला लागले होते. इतक्या कसोशीनं तयारी करत होते, कारण फाईल तिथे नाही हे त्यांना माहीत होतं. ती त्यांनीच पोत्यात भरली होती.

सन अठ्ठ्याण्णव. ते दादांच्याच मंत्रालयात सेक्शन ऑफिसर होते. मजला रिकामा करायचा हुकूम आला, मुदत आठ दिवसांची, आणि रेकॉर्डच्या तीन खोल्या मुदत कधीच उलटलेल्या फायलींनी छतापर्यंत भरलेल्या. सरकारात फाईल बंद झाली की तिच्या कव्हरवर एक खूण करतात. काही फायली कायम ठेवायच्या, काही ठरावीक वर्षांनी फाडायच्या. तीन वर्षांनी फाडायची असेल तर सी-थ्री. फाडण्याआधी अधिकाऱ्यानं प्रत्येक फाईल नजरेखालून घालायची, यादीत चढवायची आणि यादीखाली सही करायची. याला छाटणी म्हणतात. नियम असा आहे. प्रत्यक्षात तिसऱ्या दिवशी माणूस धुळीनं इतका वैतागलेला असतो की काय फाडतोय हे बघायचं त्याला भान नसतं.

चौथ्या दिवशी हातात एक फाईल आली. कव्हरवर नाव होतं, श्री. वि. गो. आठल्ये, सहायक.

दीनानाथ तिच्याकडे बघत उभे राहिले. उघडावी, तर आत काय असेल? दोषी असं लिहिलेलं असेल तर ते आईला कुठल्या तोंडानं सांगायचं? न सांगता जन्मभर पोटात कसं ठेवायचं? नातेवाईकाची फाईल म्हणून दुसऱ्या अधिकाऱ्याकडे द्यावी, हा नियमाचा रस्ता होता. पण मग अख्ख्या मजल्याला आठल्यांचा बाप कोण ते कळलं असतं. दोन्ही त्यांच्यानं झालं नाही. न उघडता त्यांनी ती टाईपिस्टकडून यादीत चढवून घेतली, पोत्यात टाकली, आणि संध्याकाळी आईसमोर बसून मुकाट्यानं वरणभात जेवले. सत्तावीस वर्षं झाली. भ्याले होते, एवढंच त्याचं खरं कारण.

सोमवारी सकाळी त्यांनी अखेरची धडपड करून बघितली. फोन लावला. "ताई, हवा फार वाईट आहे. प्रदूषणाचा आकडा चारशेच्या वर गेलाय. पुढल्या आठवड्यात जाऊ या का?"

"मास्क लावू," ताई म्हणाली.

"तुझा गुडघा?"

"गुडघा माझा आहे. तुला का दुखतोय? उशी घेतलीस ना?"

"उशी आत नेऊ देतात का ते विचारायचंय अजून."

"दिनू, आठ दिवस तू नुसता विचारतोयस. हेमांगीनं रजा टाकलीये, गाडी सांगितलीये. अब बस. उद्या जायचं म्हणजे जायचं."

फोन ठेवून ते बाल्कनीत गेले, आत आले, पुन्हा बाल्कनीत गेले. समोरचे टॉवर धुरक्यात अर्धे बुडाले होते. उद्याचं सगळं त्यांना स्पष्ट दिसत होतं. ताई खिडकीशी बसलेली, मागणीचा अर्ज आत गेलेला, आणि तासाभरानं आतला माणूस येऊन सांगणार की फाईल नष्ट केली आहे. ताई विचारणार, कुणी? ती असं विचारणारच. आणि सरकारी माणूस यादी आणून दाखवणार, खाली दीनानाथांची सही.

दुपारी जेवण न करताच ते लिफ्टनं खाली गेले.

ताईचं दार उघडंच होतं. टेबलावर तिनं चार पेन्सिली टोक करून ओळीनं मांडल्या होत्या, शेजारी नवी शिवलेली कापडी पिशवी. कागद चुरगळू नयेत म्हणून पिशवीत तिनं आतून पुठ्ठा घातला होता.  दीनानाथ ती पिशवी बघत खुर्चीत बसले आणि जे सांगायचं ते एका दमात सांगून टाकलं. कुठलं साल, कितवा दिवस, कव्हरवरचं नाव, पोतं, सही. लपवण्यासारखं काही शिल्लक ठेवलं नाही.

 ताईनं एक पेन्सिल उचलली, तिचं टोक बघितलं, पुन्हा ठेवली.

"आणि हे आठ दिवस तू मला झेरॉक्स दाखवत होतास," ती म्हणाली.

"हो."

"लाज नाही वाटली?"

"वाटत होती. म्हणूनच इतक्या काढल्या."

ताई उठून स्वयंपाकघरात गेली. नळ सुटल्याचा आवाज आला, बंद झाल्याचा आला. परत आली ती पदराला हात पुसत, आणि समोर बसली. तिचा चेहरा रडलेल्या माणसाचा होता, पण आवाज ऑफिसातला होता.

"फाईल केवढी होती?"

"पातळ. बोटभरसुद्धा नाही."

"आत बघितलंच नाहीस?"

"नाही. शपथ."

"म्हणजे कव्हरच बघत होतास. किती वेळ?"

"बराच."

"मग सांग. नावाखाली काय होतं? मी चाळीस वर्षं फायली बांधल्यात, दिनू. कव्हर कोरं नसतं."

दीनानाथांनी डोळे मिटले. सत्तावीस वर्षं ते कव्हर ते डोळ्यांसमोरून हटवत आले होते. आता पहिल्यांदाच नीट बघायचा प्रयत्न केला. बदामी पुठ्ठा. नाव. फाईलचा क्रमांक. उजव्या कोपऱ्यात निळ्या पेन्सिलीनं केलेली खूण.

"सी-थ्री," ते म्हणाले.

"बंद कधी केली होती? तारीख असते."

"खुणेखालीच होती. जानेवारी सदुसष्ट."

हे बोलून झाल्यावर त्यांचं त्यांनाच ऐकू आलं. डोळे उघडले तर ताई त्यांच्याकडेच बघत होती.

"जानेवारी," ती म्हणाली. "दादा मार्चमध्ये गेले. म्हणजे ते जिवंत असताना निकाल लागलेला होता. आता तू सांग, तू सेक्शन ऑफिसर होतास. शिक्षा झालेल्या माणसाची फाईल तुमच्याकडे कुठे जायची?"

"कायमच्या कपाटात. निदान दहा वर्षं तरी. अपील असतं, पेन्शन असते."

"आणि आरोप मागे घेतलेल्या माणसाची?"

 आयुष्यात दीनानाथांनी हजारो फायलींवर ही खूण स्वतःच्या हातानं केली होती. पुढे ज्यात काही बघायचं उरलेलं नाही, अशा किरकोळ फायलींवर ती करायची, हे नव्या कारकुनांना शिकवलंही होतं. "तीन वर्षं," ते म्हणाले. "सी-थ्री."

"मग पत्र गेलं असेल क्वार्टरच्या पत्त्यावर," ताई म्हणाली. "आणि आपण करोलबागेत." तिनं हात टेबलावर सपाट ठेवले. "दादांनी नव्हतं केलं रे. आणि त्यांनाही ते कळलं नाही."

दीनानाथांना हुंदका आवरला नाही. बहात्तर वर्षांचा माणूस बहिणीसमोर लहान मुलासारखा रडला. तिनं रडू दिलं. त्यांच्या पाठीवरून हात मात्र फिरवला नाही.

बऱ्याच वेळानं त्यांनी चष्मा पुसला. "खूण म्हणजे काही पुरावा नव्हे, ताई. पण छाटणीच्या यादीत विषयाचा रकाना असतो. प्रत्येक फायलीचा विषय टाईपिस्टनं त्यात उतरवलेला असतो. फाईल फाडतात, यादी फाडत नाहीत. ती मिळाली तर निलंबन रद्द केलं की कसं, ते त्या ओळीत असेल."

"तू तेव्हा ती ओळ वाचली नाहीस?"

"खाली सही केली. वाचली नाही."

"मग उद्या वाच," ताई म्हणाली. "माझ्यासमोर, मोठ्यानं. अर्ज बदल. फाईल नको, यादी मागायची."

तिनं कोरा कागद त्यांच्यापुढे सरकवला आणि टोक केलेली पेन्सिल हातात दिली. त्यांनी मंत्रालयाचं नाव लिहिलं. सेक्शन लिहिलं. छाटणीची यादी असं लिहिलं. मग पुढे वर्ष, एकोणीसशे अठ्ठ्याण्णव, लिहिलं, आणि ताईचं बोट येऊन त्या आकड्यावर थांबलं. तिनं काही हिशेब केला असावा, किंवा करायची गरजही पडली नसावी.

"आई तेव्हा होती, दिनू," ती म्हणाली. "त्यानंतर सहा वर्षं होती."