नव्वदच्या आत

मित्रांनो, माझी लांबी दीड मीटर आहे असे माझ्या अंगावर छापलेले आहे. ते आता खरे नाही. मी शिवणकामाची एक जुनी टेप आहे. एका बाजूला इंच, दुसऱ्या बाजूला सेंटिमीटर, दोन्ही टोकांना पितळेची टोपी. एका भल्या माणसाचा डोळा गेला, त्यात माझा वाटा आहे. हे मला आजवर कुणाला सांगता आले नाही, म्हणून तुम्हाला सांगते.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते आठवत नाही. कापडाच्या पट्टीवर गुळगुळीत थर चढवला, आकडे छापले आणि गुंडाळी करून खोक्यात भरले, एवढेच आठवते. उजेड पाहिला तो उल्हासनगरच्या बाजारात, एका सिंधी दुकानदाराच्या काउंटरवर. लग्नाला चार महिने झालेली सुनेत्रा तिथे शिलाई मशीनचे सामान घ्यायला आली होती. "दीदी, यह टेप आपके साथ बुढ्ढी होगी," असे म्हणत त्याने मला तिच्या हातात ठेवले. बिचाऱ्याला काय माहीत, मी तिच्या कितीतरी आधी म्हातारी होणार होते.

अंबरनाथच्या त्यांच्या खोलीत मी पहिले माप घेतले ते तिच्या नवऱ्याच्या, पुष्करच्या कमरेचे. बरोबर तीस इंच. पुष्कर एमआयडीसीतल्या पंपाचे भाग बनवणाऱ्या कंपनीत तपासनीस होता. तयार झालेला प्रत्येक भाग व्हर्नियरने मोजायचा आणि केसाएवढा फरक सापडला तरी बाजूला काढायचा, हे त्याचे काम. कंपनीतली मोजायची हत्यारेसुद्धा दर वर्षी तपासून घेतात आणि चुकणाऱ्या हत्याराला लाल खूण करून बाद करतात, हे तो मोठ्या अभिमानाने सुनेत्राला सांगायचा. मी तिच्या गळ्यात बसून ऐकायची. घरातल्या टेपची तपासणी कधी होते, हे मात्र दोघांपैकी कुणाच्या डोक्यात आले नाही.

माझे ते दिवस फार सुखाचे होते. सुनेत्राचा हात चांगला, त्यामुळे बदलापूरपासून बायका ब्लाउज शिवायला यायच्या. तिची एक सवय होती. बाईचे माप मोठ्याने सांगताना ती दोन इंच कमी सांगायची आणि वहीत खरे लिहायची. बाई खूश व्हायची, सुनेत्रा गालात हसायची, मलाही मजा वाटायची. आमच्या घरात खोट्या मापाची सुरुवात अशी हसत हसत झाली.

मग दिवस बदलले. पालेगावला नव्या इमारतीत फ्लॅट घेतला आणि पंचवीस मिनिटे चालत कंपनीत जाणारा पुष्कर स्कूटरवर जाऊ लागला. बढती मिळाली, उभ्याने करायचे काम बसून करायचे झाले. पाळ्या बदलायच्या, झोप कधी चार तासांची, कधी तुकड्यातुकड्यांची. कॅन्टीनमध्ये दिवसाला पाच-सहा गोड चहा, सोबत समोसा. रविवारी उल्हासनगरहून तळलेले दाल-पकवान यायचे आणि त्यानंतर तो दुपारपर्यंत लोळायचा. हातपाय होते तसेच बारीक राहिले, पोट तेवढे पुढे आले. वडिलांना शुगर होती. पण त्यांना साठीत झाली, मला अजून खूप वेळ आहे, असे तो म्हणायचा. शुगर वय विचारून येते थोडीच.

पोटावरून कुणी बोललेले त्याला खपत नसे. एका लग्नात मेव्हण्याने थट्टा केली, तर हा भरल्या ताटावरून उठला होता. तेव्हापासून सुनेत्राने एक उद्योग सुरू केला. पँटच्या मागच्या शिवणीत आत जास्तीचे कापड ठेवतात, त्याला माया म्हणतात. तो कामावर गेला की ती शिवण उसवायची, अर्धा इंच माया सोडायची आणि पुन्हा शिवून इस्त्री करून कपाटात ठेवायची. दर वर्षी दिवाळीच्या आधी अर्धा इंच, कधी मध्येच आणखी थोडे. पुष्करला पत्ता नाही. माझे माप लग्नातले होते तेच आहे, असे तो कंपनीत छाती फुगवून सांगायचा आणि घरी येऊन तेच ऐकवायचा. सुनेत्रा मान खाली घालून मशीन चालवत राहायची. तिने हे प्रेमानेच केले, मित्रांनो. म्हणून तर मला तिच्यावर रागावताही येत नाही.

आता माझा गुन्हा ऐका. इतकी वर्षे मला ओढले, गरम इस्त्रीखाली विसरले, माझ्याने कापडाचे गठ्ठे बांधले. त्यांची मुलगी ऋता लहान असताना माझ्यावर दोरीच्या उड्या मारायची. मी ताणत गेले, दोन-अडीच इंचांनी लांब झाले, आणि माझे आकडे कमी सांगू लागले. हे कुणाला कळले नाही, कारण सुनेत्रा अंगही माझ्यानेच मोजायची आणि कापडही माझ्यानेच. कपडा अगदी अंगाबरोबर बसायचा. मी चुकते आहे हे फक्त मला माहीत होते.

दोन वर्षांपूर्वी इमारतीच्या हॉलमध्ये एका संस्थेने तपासणी शिबिर ठेवले. वैदेही नावाची परिचारिका आली होती आणि तिची टेप नेमकी आदल्या दिवशीच्या शिबिरात राहिली होती. सुनेत्राने मला पुढे केले. वैदेहीने सगळ्यांना समजावून सांगितले, की पुरुषाची कंबर नव्वद सेंटिमीटरच्या वर आणि बाईची ऐंशीच्या वर गेली तर पोटातली चरबी आतल्या आत त्रास देऊ लागते. मग रक्तातली साखर, चरबी आणि रक्तदाब यांचा तोल हळूहळू जातो आणि माणसाला बरीच वर्षे काहीच जाणवत नाही. अशांचे दुसऱ्या दिवशी उपाशीपोटी रक्त घ्यायचे ठरले होते.

पुष्करची पाळी आली. वैदेहीने मला त्याच्या पोटाभोवती गुंडाळले. खरी कंबर त्र्याण्णव होती, ती मला माझ्या अंगावर जाणवत होती. मी जीव तोडून आक्रसायला पाहिले. निदान दोन सेंटिमीटर, फक्त दोनच, असे मी मनात म्हणत राहिले. पण ताणलेले कापड मागे येत नाही. तिने वाकून आकडा वाचला.

"एकोणनव्वद. नव्वदच्या आत आहात, काका."

रक्तदाबही जेमतेम रेषेच्या खाली निघाला. पुष्करने विजयी नजरेने सुनेत्राकडे पाहिले. उसवलेली प्रत्येक शिवण तिला आठवत असणार. तीसची पँट तिने स्वतःच्या हाताने पस्तीसवर नेली होती. तिचे ओठ हलले, पण आजूबाजूला वीस शेजारी होते. ती गप्प बसली. सर्व ठीक असे लिहिलेली चिठ्ठी पुष्करने पाकिटात घडी करून ठेवली.

पुढचे दीड वर्ष मी खुंटीवरून पाहत राहिले आणि मला काही करता आले नाही. त्याला सारखी तहान लागायची. जेवला की पेंग यायची. मान काळवंडली, तर सुनेत्रा ती कंपनीतले तेल समजून बेसन लावून घासायची. डॉक्टरकडे जाऊ या म्हटले की तो पाकिटातली चिठ्ठी दाखवायचा. मग कंपनीत त्याला व्हर्नियरच्या बारीक रेषा दिसेनात. चष्मा दोनदा बदलला. एका सकाळी डाव्या डोळ्यासमोर काळे जाळे आले ते गेलेच नाही.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी आधी डोळा पाहिला आणि मग साखर तपासायला पाठवले. तीनशे बारा. रक्तातली चरबी दुप्पट, रक्तदाब वाढलेला. डोळ्याच्या पडद्यावर रक्तस्राव झाला होता. दीड वर्षापूर्वी रक्त तपासले असते तर हा डोळा बहुतेक वाचला असता, असे डॉक्टर म्हणाले. ऋताने घरी येऊन हे सांगितले तेव्हा सुनेत्राच्या पायाखालचे मशीन थांबले.

दुसऱ्या दिवशी पुष्करने शिबिरातले माप पडताळायला कंपनीतून एक मीटरची पोलादी पट्टी मागून आणली. मला खुंटीवरून काढून तिच्या शेजारी जमिनीवर सरळ अंथरले. आयुष्यभर रेषा वाचणारा माणूस गुडघ्यांवर ओणवा झाला, डोळे बारीक केले आणि मग मागे सरला.

"ऋता, तू वाच. मला नाही दिसत."

"बाबा, टेपवर एकोणनव्वद आहे आणि पट्टीवर त्र्याण्णव."

सुनेत्राने कपाटातून त्याची राखाडी पँट आणली, उलटी करून मागची शिवण त्याच्या बोटांखाली धरली. एकाशेजारी एक टाक्यांच्या जुन्या भोकांच्या ओळी होत्या.

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून सोडत गेले, अहो," ती म्हणाली. "मला सगळं माहीत होतं."

तो त्या ओळींवरून बोट फिरवत राहिला. ती कात्री घेऊन मला कापायला आली, तेव्हा त्याने तिचा हात धरला. "कापू नको. लाल खूण कर आणि भिंतीवर ठेव," एवढेच तो म्हणाला.

तेव्हापासून माझ्या टोकाला लाल दोरा बांधलेला आहे. काम संपले की शेजारी नवी टेप टांगलेली असते, तिची दर दिवाळीला पोलादी पट्टीवर तपासणी करायची ठरली आहे. पुष्कर आता रोज चालतो. औषध घेतो, बिनसाखरेचा चहा तोंड वाकडे करून पितो. रविवारी सुनेत्रा त्याची कंबर मोजते आणि आकडा खणखणीत आवाजात सांगते. उरलेला एक डोळा सांभाळायचा आहे, हे तिघांनाही ठाऊक आहे.

पण माझा जीव अजून थाऱ्यावर नाही. मी भिंतीवरून दिवसभर सुनेत्राकडे पाहते. ती दहा-दहा तास मशीनवर बसून असते. पुष्करने नको म्हटलेले आणि ऋताने ताटात टाकलेले तीच संपवते. परवा तिने स्वतःच्या ब्लाउजची शिवण उसवली. मानेवर पुष्करच्या मानेसारखीच काळी छटा दिसू लागली आहे. पंचवीस वर्षांत तिने हजारो कमरा मोजल्या, पण माझा वेढा तिच्या कमरेला कुणी कधी घातला नाही. नवी टेपही तिच्या गळ्यातच असते.

मला ओरडता येत नाही, मित्रांनो. तुम्हाला येते. आज घरी जाल तेव्हा एक खरी टेप घ्या आणि आधी तिची कंबर मोजा, जी घरातल्या सगळ्यांची मापे घेते.