हाका बंद करण्याचा क्रम

दामिनी गेल्याचा फोन आला तेव्हा मी तिच्याच टेबलाशी बसलो होतो. भंडाऱ्याच्या दवाखान्यातून तिचा भाऊ हेमराज बोलत होता. माझ्या हातात वायरलेस कार्ड होतं आणि समोरचं मशीन, म्हणजे तिचा कॉम्प्युटर, अडकून पडलं होतं. कार्ड काढून-लावून पाहायला तिनंच दवाखान्यातून सांगितलं होतं.

पवनीत आमचा हातमाग आहे. माझी बायको दामिनी घरूनच नागपूरच्या एका कंपनीसाठी ड्रायव्हर लिहायची, म्हणजे कार्डाचं बोलणं मशीनला समजावणारा प्रोग्राम. हवेतून काही आलं की कार्ड मशीनला हाक मारतं. त्याला इंटरप्ट म्हणतात. मशीननं हातचं काम थांबवून फक्त नोंद घ्यायची आणि लगेच परत जायचं. मोठं काम मागाहून. हे तिनं मला मी मागावर असताना समजावलं होतं.

"मी जेवाले बलावलं तं नुसतं 'हो' म्हना अन् धोटा चालू द्या. मंग या."

"तसंच तं करतो मी."

"तुमी 'हो' म्हनता. येता कुठी?"

कार्ड काढताना ड्रायव्हर आधी मशीनकडून वापरायला घेतलेली मेमरी परत करायचा, मग हाका बंद करायचा. मध्येच एखादी हाक आली की ती नसलेल्या मेमरीत शिरायची आणि मशीन बंद पडायचं. दामिनीनं क्रम बदलला. आधी हाका बंद, मग चालू असलेली हाक संपेपर्यंत थांबायचं, शेवटी मेमरी. तरी मशीन अडकतच होतं.

तेरवीनंतर तिच्यासोबत काम करणारा संजीव मशीन न्यायला आला. तिचा बदल कंपनी काढून टाकणार होती. एकदा नीट पाहा, असं मी त्याला म्हटलं.

जेवणापर्यंत त्याला सापडलं. क्रम बरोबर होता, पण तिचा प्रोग्राम कुलूप धरून थांबत होता, म्हणजे एका वेळी एकालाच आत सोडणारी अडसर, आणि हाकेच्या कामाला तेच कुलूप हवं होतं. दोघं एकमेकांची वाट पाहत राहायचे. मला हसू आलं. घराची चावी पदराला बांधून ती ओट्यावर बसायची आणि मीच दार उघडत नाही म्हणून चिडायची.

संजीवनं ड्रायव्हरला थांबण्याआधी कुलूप सोडायला लावलं. मी दुपारभर कार्ड काढलं, लावलं. मशीन अडकलं नाही.

"हा बदल कंपनीले कोनाच्या नावानं पाठवू, भाऊजी?"

"तिच्या. तुझं नाव खाली टाक."

मशीन तो पुढच्या तपासणीसाठी माझ्याकडेच ठेवून गेला. झोपेत गेलेल्या मशीनमधून कार्ड काढून पाहायचं अजून राहिलं आहे.