न केलेली विनंती

"माइक बंद होता. म्हणजे त्या बोलल्याच नाहीत!" मुख्य प्रतिवेदक, म्हणजे आम्हा लघुलेखकांचे साहेब, माझ्या टेबलावर हात आपटत म्हणाले. "कंसात 'गोंधळ' लिहा आणि कागद पुढे पाठवा."

"माइक बंद होता साहेब. माझे कान चालू होते."

असं मी बोलून गेले खरी, पण निवृत्तीला आठ महिने उरले होते. एकोणतीस वर्षं मी संसदेत लघुलेखन करते. सभागृहाच्या मधोमध बसायचं, दहा मिनिटं कानावर पडेल ते वहीत उतरवायचं आणि वर येऊन टाइप करायचं. सगळे मला पेन्सिलबाई म्हणतात. खरं नाव शिपायालासुद्धा ठाऊक नसेल.

त्या दिवशी नेमकं माझ्या दहा मिनिटांत महिलांच्या राखीव जागांचं विधेयक पुन्हा पुढे ढकललं जात होतं. सत्ताधारी बाकांवरच्या एक बाई उठल्या. पहिल्यांदाच निवडून आलेल्या, आधी नर्स होत्या. अध्यक्षांनी बोलायची परवानगी दिली आणि त्यांच्याच पक्षाच्या लोकांनी असा गिल्ला केला की कान किटले. माइक बंद झाला. बाई मात्र बोलतच राहिल्या. मी तीन हातांवर होते, मला शब्द न् शब्द ऐकू आला. दुसऱ्या कुणालाच नाही. त्यांचं बोलणं आता फक्त माझ्या वहीत होतं आणि पाच वाजता नोंद छापायला जाणार होती.

"नसती आफत कशाला ओढवून घेता?" साहेबांचा आवाज खाली आला. "वरून फोन येतायत."

"अध्यक्षांची परवानगी असली की लिहायचं, हे तुम्हीच शिकवलंत."

पावणेपाचला दार ढकलून पक्षाचे प्रतोद आले. सदस्यांना लगाम घालणं हेच त्यांचं काम. मागे त्या बाई होत्या. प्रतोद हसत होते. हसणाऱ्या माणसाची मला जास्त भीती वाटते.

"ताई स्वतःच सांगतायत, त्या काही बोलल्याच नाहीत. हो ना ताई? तसं लिहून सही करा, की झालं."

सदस्यानेच तसं लिहून दिलं, तर माझ्या वहीला कोण विचारतो? मी उठले. "आधी वाचू तरी द्या त्यांना," म्हटलं आणि टाइप केलेला कागद बाईंच्या हातात दिला.

त्यांनी मोठ्याने वाचलं. "'माझी सभागृहाला नम्र विनंती आहे की, हे विधेयक आजच मंजूर करावं. माझ्याच पक्षाने ते तीनदा दडपलं आहे.'" मग मान वर केली. "हे मी बोलले नाही."

प्रतोदांचा चेहरा उजळला.

"तुमची वही काढा," बाई मला म्हणाल्या. "मी काय बोलले ते वाचून दाखवा."

मी वही उघडली. "'हे विधेयक आजच मंजूर करा. माझ्याच पक्षाने ते तीनदा दडपलं आहे.'"

"मग विनंती कुठून आली?"

ती माझीच होती. बायकांच्या भाषणाला मी ती घालतच आले होते, बोलणं जरा सभ्य दिसावं म्हणून. कुणी सांगितलंही नव्हतं. पुरुषांच्या भाषणात मात्र एकदाही घातली नव्हती.

बाईंनी प्रतोदांकडूनच पेन मागून घेतलं. विनंतीवर सरळ रेघ मारली, 'करावं'चं 'करा' केलं आणि खाली सही केली.

"पुढच्या वेळी तिकीट विसरा, ताई," प्रतोद म्हणाले. आता ते हसत नव्हते.

"विसरले. इंजेक्शन द्यायला अजून विसरले नाहीये."

कागद वेळेत गेला. सगळे निघून गेल्यावर मी कपाटातून माझ्या पहिल्या वर्षाच्या नोंदींचा बांधलेला खंड काढला. तिसऱ्याच भाषणात एक बाई सभागृहाला नम्र विनंती करत होत्या. त्यांना जाऊन बारा वर्षं झाली. मला रडू आवरेना. ती ओळ खोडायला त्या आता कुठून येणार होत्या?