एका नावाच्या दोघी

"पण गाडी कुठं लावायची गं तुझ्याकडे?" फोनवर किरियाकित्सा आत्या म्हणाली. "गेल्या वर्षी तुझ्या गल्लीला तीन प्रदक्षिणा घातल्या आम्ही. शेवटी त्या टायरवाल्याच्या दारात लावली, तर तो शिव्या घालत बाहेर आला."

"टायरवाल्याशी बोलून ठेवलंय मी, आत्या." वारवाराच्या एका हातात फोन होता, दुसऱ्या हातानं ती खीर ढवळत होती.

"आणि लिफ्टही नाही."

"दुसरा तर मजला आहे."

"ते माझ्या गुडघ्यांना सांग. तिकडं रूलाकडं म्हणे दारासमोर सहा गाड्या लागतात. पायऱ्या नाहीत, काही नाही."

आलं शेवटी नाव. वारवारानं पळी भांड्याच्या तळाशी दाबली.

"डोंगर आहे तो, आत्या. थंडी बघितलीस का तिथली? तुझी छाती आधीच…"

"जमिनीखालून गरम पाणी फिरवलंय म्हणे. पाय कसे उबेत राहतात. बरं, आधी वर जाऊन येतो आणि मग जमलं तर तुझ्याकडे. ठेवू?"

वारवारानं फोन ठेवला आणि पळी अशी आपटली की आतल्या खोलीतून प्रोद्रोमोस धावत बाहेर आला.

"कोण गेलं?"

"कुणी नाही. आत्याचे गुडघे पानोरामाला निघालेत."

"रूलाकडं?"

"मग काय! आणि माझ्याकडं 'जमलं तर'. जमलं तर म्हणे!"

प्रोद्रोमोसनं बोट घालून खीर चाखली आणि हातावर चापट खाल्ली. तीस वर्षं त्यानं बस चालवली होती, कधी हॉर्न वाजवायचा आणि कधी गप्प बसायचं हे त्याला कळत होतं. तो डाळिंब सोलायला बसला.

चार डिसेंबर, संत वारवाराचा दिवस, म्हणजे ते नाव असलेल्या प्रत्येकीचा नावाचा दिवस. गहू रात्रीच भिजत घालायचे, सकाळी मनुका, अंजीर, अक्रोड घालून खीर शिजवायची आणि वरून डाळिंबाचे दाणे पेरायचे. नावाच्या दिवशी ग्रीसमधल्या सालोनिकात कुणी कुणाला बोलावत नाही. दार उघडं असतं, ज्याला आठवण आहे तो येतो. त्यामुळे कोण आलं नाही, हे वर्षभर लक्षात राहतं.

अडचण एवढीच की या घराण्यात वारवारा दोन होत्या. दोघा भावांनी आपापल्या मुलीला आपल्या आईचंच नाव ठेवलं. दुसरं ठेवलं असतं तर म्हातारीनं त्यांचं तोंड पाहिलं नसतं. चार महिन्यांनी मोठी ती वारवारा राहिली आणि धाकटीला सगळे रूला म्हणू लागले. पुढं लग्नं झाली, तरी दोघी स्तावरूपोलीतल्या एकाच इमारतीत राहिल्या, एकीच्या डोक्यावर दुसरी. पाहुणे आधी वारवाराकडं खीर खायचे, मग एक जिना चढून रूलाकडं जायचे. गेल्या एप्रिलमध्ये रूलानं सामान बांधलं आणि शहराच्या दुसऱ्या टोकाला, डोंगरावर पानोरामाला राहायला गेली. आज पहिल्यांदाच लोकांना एक दार निवडावं लागणार होतं.

आणि गंमत अशी, की घर बघायला रूला वारवारालाच सोबत घेऊन फिरली होती. रूलाच्या नवऱ्याचं, इओर्दानिसचं, नळांचं नि टाइल्सचं दुकान जोरात चाललं होतं. डॉक्टरांनी त्याला मोकळ्या हवेत राहायला सांगितलं. सबंध हिवाळा दर रविवारी दोघी बहिणी निघायच्या. वारवारा दारात पाऊल टाकायच्या आधीच नाक मुरडायची.

"कालामारिया? समुद्राची ओल भिंतीत शिरते गं. सांध्यांचं वाटोळं करून घ्यायचंय का?"

"पिलेआ? माणसांपेक्षा गाड्या जास्त. रस्ता ओलांडायचा तर मृत्युपत्र करून निघावं लागेल."

"ओरेओकास्त्रो? वारा बघितलास का? वाळत घातलेली चादर पुढच्या गावात सापडेल."

रूला हसून हसून वाकायची, आणि ते घर रद्द व्हायचं. परत येताना वारवारा हळूच आपल्या वस्तीचे गुण सांगायची. खाली बेकरी आहे, बस दारात थांबते, औषधवाला चिठ्ठीशिवाय गोळ्या देतो, आठवडी बाजारात शेवटच्या तासाला भाजी मातीमोल मिळते. "गोंगाट आहे, मान्य. पण गोंगाटात माणूस पडला तर कुणाला तरी ऐकू तरी येतं." रूला मान डोलवायची. वारवाराला वाटायचं, जिंकलो आपण.

मग पानोरामाचं घर आलं. मागं पाइनची झाडं, खाली सगळं आखात, आणि हवा स्वच्छ होती म्हणून पलीकडं ऑलिंपसचं बर्फसुद्धा दिसत होतं. वारवारा नळ सोडून बघून आली, खिडक्या हलवून बघून आली. खोड काही सापडेना.

"ब्रेड आणायला गाडी काढावी लागेल," ती शेवटी म्हणाली.

"काढू की," रूला म्हणाली. तिचे डोळे आखातावरच होते.

तेव्हापासून वारवाराच्या पोटात जे दुखायला लागलं ते थांबलंच नाही. हेवाच होता तो, आणि तिनं त्याला दुसरं नावही दिलं नाही. लॉन्ड्रीत परक्यांच्या शर्टांवर इस्त्री फिरवताना तिला रूलाचा ओटा दिसायचा, रूलाच्या खिडक्या दिसायच्या, अंगणातलं डाळिंबाचं झाड दिसायचं. मेलीच्या दारात डाळिंबसुद्धा! आपण मात्र बाजारातून आणायचं आणि आतून सडकं निघालं की नशिबाला बोल लावायचा. एप्रिलपासून ती एकदाही वर गेली नव्हती. कधी सर्दी, कधी कंबर, कधी लॉन्ड्रीत गर्दी. कारणं संपत आली होती.

आज तिनं सुट्टी घेतली, पडदे इस्त्री करून लावले, चाळीस माणसांना पुरेल एवढी खीर केली आणि दार उघडं टाकलं.

औषधवाला आला. उभ्या उभ्या वाटीभर खाल्ली, "खूप वर्षं जगा, वारवाराबाई," म्हणाला आणि दुकान उघडं आहे म्हणून पळाला. खालच्या मजल्यावरची विधवा आली, डबा भरून घेऊन गेली. मग कुणीच नाही. वारवारा दर थोड्या वेळानं जिन्यात जाऊन वाकून बघत होती.

"अनेस्तिस काका येतील," ती म्हणाली. "ते येणारच. फोनवर म्हणालेत, पोरी, मी तुझ्याकडंच."

अनेस्तिस काका दोघींच्याही वडिलांचे धाकटे भाऊ, ऐंशीच्या पुढचे. दरवर्षी पहिले यायचे, खिडकीजवळच्या खुर्चीत बसायचे आणि तोच जुना विनोद सांगायचे. वारवारानं त्या खुर्चीवर नवी उशी ठेवली होती.

अंधार पडल्यावर फोन वाजला. आत्याच होती, मागं नुसता गलका.

"अगं, आम्ही सगळे इकडंच आहोत! अनेस्तिसही आलाय. इओर्दानिसनं गाडी पाठवली त्याच्यासाठी. काय घर आहे गं! तूच ये ना वर. एकाच जागी दोघींचं उरकेल."

वारवारानं फोन ठेवला. उरकेल! जसं काही दिवसकार्य आहे.

"चल, जाऊ," प्रोद्रोमोस म्हणाला.

"नावाच्या दिवशी दार बंद करून? आणि कुणी आलं तर?"

"आता कोण येणार? टायरवाला?"

बोलून गेला आणि त्यालाच वाईट वाटलं. वारवारा मात्र ताडकन उठली. मोठ्या डब्यात खीर भरली, झाकण दाबून बसवलं, अंगावर चांगला कोट चढवला.

"बघू तर दे एकदा, काय सोनं लागलंय त्या घराला."

गाडी चढ चढू लागली तसा प्रोद्रोमोस तिची समजूत काढायला लागला. "इथं राहायचं म्हणजे पेट्रोल पंपच विकत घ्यायला हवा. आणि बघ, रस्त्यावर चिटपाखरू नाही. बर्फ पडलं की बसा घरात कोंडून. मला फुकट दिलं तरी नको."

"गप बस, प्रोद्रोमोस," वारवारा म्हणाली. "चांगली जागा आहे."

फाटकासमोर सहाच्या सहा गाड्या लागल्या होत्या. प्रोद्रोमोस जागा शोधत पुढं गेला आणि वारवारानं डबा पोटाशी धरून बेल दाबली.

"कोण?" बेलच्या जाळीतून एका अनोळखी बाईचा आवाज आला.

"रूला?"

"रूला? इथं कुणी रूला नाही हो. हे वारवाराचं घर."

वारवाराला आधी वाटलं, आपण चुकीच्या घरी आलो. मग त्याच जाळीतून तिला आत्याचं हसणं ऐकू आलं. तिची कानशिलं एकदम तापली. घर घेतलंस, डोंगर घेतलास, काका घेतलेस. आता नावही? चार महिन्यांनी मोठं कोण होतं? हे नाव कुणाचं होतं?

फाटक उघडलं. रूला घरातल्या चपलांवरच धावत आली होती. नवा निळा ड्रेस, केस बसवलेले, आणि चेहरा चोरी पकडली गेल्यासारखा.

"आलीस!"

"वारवारा म्हणतात का गं तुला इथं?"

रूला लाल झाली. "क्लिओ होती ती बेलवर, शेजारची. पहिल्या दिवशी नाव विचारलंन, आणि… निघून गेलं तोंडातून. बाप्तिस्म्याचं नाव आहे माझं."

"तू रूला आहेस."

"तू होतीस म्हणून रूला!" रूलाचा आवाज चिरकला. तिनं मागं वळून बघितलं आणि हळू बोलायला लागली. "शाळेत बाई म्हणाल्या, एका वर्गात दोन वारवारा कशा चालतील? तेव्हा माझ्याकडं बोट कुणी दाखवलं? हिला रूला म्हणा म्हणून? तूच की. आजच्या दिवशी फुलं यायची ती तुला. त्यातलीच दोन काढून आजी माझ्या हातात ठेवायची. लोक तुझ्याकडं पोटभर खाऊन वर यायचे आणि माझ्याकडं म्हणायचे, नको गं रूला, फक्त पाणी दे. पन्नास वर्षं! माझं मन जळत नसेल? मी कधी बोलले?"

वारवारानं डबा आणखी घट्ट धरला. "म्हणून गेलीस?"

"छे गं. ह्यांच्या छातीसाठी गेले. पण आज सकाळी पहिल्यांदा माझ्या दाराची बेल माझ्यासाठी वाजली. इतकं बरं वाटलं की लाज वाटली मला. तुला फोन करणार होते. धीर झाला नाही."

खरं सांगायचं तर वारवाराला तिची दया आली नाही. रागच आला. इतके महिने ती जळत होती तेव्हा निदान हेवा तरी आपल्या एकटीचा आहे असं ती समजत होती. आता कळलं, त्यातही ही आधीपासून पुढं होती. तिनं डबा रूलाच्या हातात दिला नाही. तो स्वतःच धरून ती आत गेली.

आत खरंच ऊब होती. आत्या बूट काढून पाय पसरून बसली होती. सगळी भावंडं होती, त्यांच्या सुना-जावई होते, आणि रूलाच्या गल्लीतल्या चार-पाच छान कपड्यांतल्या बायका. मोठ्या काचेजवळ अनेस्तिस काका बसले होते, मांडीवर खिरीची वाटी. वारवाराला बघताच त्यांनी मान खाली घातली आणि वाटीत काहीतरी शोधायला लागले. काचेपलीकडं सगळं शहर उजळलेलं दिसत होतं. पार पश्चिमेच्या टोकाला स्तावरूपोलीचे दिवे होते. त्यातला आपला कुठला हे तिला कळेना.

एक उंच बाई पुढं आली आणि तिनं हसत डबा आपल्या हातात घेतला. बेलवरचाच आवाज. "केवढा जड! आणि या कोण?" ती रूलाकडं वळली. "वारवारा, ओळख तरी करून दे."

नातलगांतल्या प्रत्येकाला माहीत होतं या कोण. आत्यानं पाय आखडून घेतले. रूला खालच्या फरशीकडं बघत राहिली, शाळेत बघायची तशी.

वारवारानं गळ्यातला रुमाल सोडला.

"मी रूला," ती म्हणाली. "हिची चुलत बहीण. स्तावरूपोलीची."

काकांचा चमचा वाटीतच थांबला. "अगं, पण…" आत्या म्हणाली, आणि कुणीतरी तिला कोपरानं ढोसलं. प्रोद्रोमोस नुकताच दारात येऊन पाय पुसत होता. तो पुसतच राहिला.

"अच्छा, म्हणजे बेलवर तुम्ही नाव सांगत होतात!" क्लिओ हसली. "आणि मी वेडी म्हणतेय, इथं रूला नाही. मग आज तुमचा नावाचा दिवस नाही? तुमचा कधी असतो?"

"माझा होऊन गेला," वारवारा म्हणाली.

मग ती रूलाकडं वळली. मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "खूप वर्षं जग, वारवारा." आणि तिच्या दोन्ही गालांचे मुके घेतले. रूलानं तिचा दंड घट्ट धरला, सोडेना. वारवारानंच हळूच सोडवून घेतला.

अनेस्तिस काका खुर्चीतून उठायला लागले. गुडघ्यांवर हात टेकत, कण्हत उठले आणि खुर्ची तिच्यापुढं सरकवली. जुना विनोद आज त्यांनी सांगितला नाही. ती बसली. रूलानं वाटी भरून आणली. स्वतःच्या पातेल्यातली नव्हे, स्तावरूपोलीच्या डब्यातली. वरून अंगणातल्या झाडाचे डाळिंबाचे दाणे घातले होते. वारवारानं पहिला घास घेतला आणि दाणे चावून बघितले. गोड होते.