कुरणातलं फाटक

“आज एक फाटक सताड उघडं होतं. लावून आलो,” हे दारातच बूट सोडत म्हणाले. जावयाने दिलेली भडक नारिंगी बंडी घामाने पाठीला चिकटली होती आणि चेहरा बढती मिळाल्यासारखा.

“परदेशातही ड्यूटी लागली म्हणायची!” मी म्हटलं.

लेक स्वयंपाकघरातून ओरडली, “बाबा, इथे शेतातून धावायला कुणी अडवत नाही. पण फाटक जसं असेल तसंच ठेवायचं. पहिल्याच दिवशी बजावलं होतं ना?”

“उघडं फाटक कुणी मुद्दाम ठेवतं का गं?”

चौतीस वर्षं हे रेल्वेच्या फाटकावर होते. फोन आला की फाटक पाडायचं, हिरवा झेंडा घेऊन उभं राहायचं, गाडी गेली की उघडायचं. बारा-बारा तास हाकेच्या अंतराबाहेर पाऊल टाकायची सोय नव्हती. आमचं लग्न ठरताना आत्याने विचारलं होतं, “मुलगा फिरतीवर नाही ना?” माझे वडील म्हणाले, “खुंटीला टांगलेली टोपीसुद्धा याच्यापेक्षा जास्त फिरते.”

निवृत्तीनंतर हे धावायला लागले. लेकीकडे आल्यावर तर गव्हाच्या कडेने, ओढ्याच्या काठाने, रोज नवी पायवाट. “शिंगं मोडून वासरांत शिरलात,” मी चिडवायचे. परत आले की कुठे ससा दिसला, कुठला ओढा आटला, सगळं मला सांगायचे. संसारात इतकं बोललेले मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

फाटक लावल्याच्या तिसऱ्या दिवशी दुपारी एक शेतकरीण आली. माझ्याच वयाची, गुडघ्यापर्यंतच्या बुटांना चिखल. आवाज चढवला नाही. लेक अडखळत आम्हाला सांगत होती. ओढा आटला म्हणून तिने ते फाटक उघडं ठेवलं होतं. पाण्याचा हौद पलीकडच्या कुरणात. ती दोन दिवस बहिणीजवळ दवाखान्यात होती. गुरं फाटकाशी उभी राहिली. पाण्यावाचून दोन वासरं गेली. शेजाऱ्याने नारिंगी बंडीतला म्हातारा पाहिला होता.

“आई, मी म्हणू का, की दुसरं कुणी असेल?” लेक पुटपुटली.

हे उठून उभे राहिले. “मीच लावलं म्हणून सांग. कडी घातली आणि ओढूनही पाहिली.”

लेकीने सांगितलं. बाईने ह्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं, मान हलवली आणि निघाली. ती आली तेव्हा अंगणाचं फाटक उघडं होतं. जाताना तिने ते तसंच ठेवलं. ह्यांचा हात खिडकीपाशी नुसता वर आला नि खाली गेला.

त्यानंतर हे धावले नाहीत. गावी परतल्यावरही नाही. मी बूट बाहेर काढून ठेवायचे, हे ते परत आत ठेवायचे. बोलणंही आटलं. आमचं फाटक दिवसभर उघडं राही, कुत्री थेट ओसरीवर येत, पण हे जागचे हलत नसत. ह्यांचा डोळा लागला की मीच हळूच लावून यायचे.

गेल्या वर्षी हे गेले. न्यायला आलेल्यांपैकी शेवटचा माणूस सवयीने मागे वळून फाटकाला कडी घालू लागला.

“राहू द्या,” मी म्हटलं. “आहे तसंच राहू द्या.”